आई-बाबांचा पहिला अमेरिका प्रवास: तयारीचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आई-बाबा पहिल्यांदाच निघतात आणि घरात तयारीला सुरुवात होते ती बॅगेपासून. चकल्या, मसाले, स्वेटर, नातवाचे कपडे. पासपोर्टावरचं नाव, डॉक्टरांची चिठ्ठी, विम्याच्या अटी या गोष्टी शेवटच्या आठवड्यात आठवतात, आणि नेमक्या त्यांनाच वेळ लागतो. म्हणून इथे क्रम वेळेप्रमाणे लावला आहे. बॅग बऱ्याच उशिरा येते.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे सगळे कागद, पत्ते आणि तिकिटं मुलाच्या ईमेलमध्ये असतात आणि प्रवास करणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. पुढचा प्रत्येक टप्पा झाला की त्याचा कागद छापून एका फाइलमध्ये लावा. ही फाइल आई-बाबांची. ती त्यांनी स्वतः लावायची, म्हणजे कुठला कागद कुठे आहे हे विमानतळावर शोधावं लागत नाही.

टप्पा १: पासपोर्ट आणि नाव (सहा ते आठ महिने आधी)

पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी. कमी असेल तर आधी नवीन पासपोर्ट, मग व्हिसा.

मुदतीपेक्षा जास्त अडचण नावाची होते. भारतीय पासपोर्टावर आडनावाची एक ओळ असते आणि दिलेल्या नावाची दुसरी. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत एकत्र येतं. काही जुन्या पासपोर्टांवर, विशेषतः बायकांच्या, आडनावाची ओळ रिकामीच असते आणि तिन्ही नावं एका ओळीत असतात. तसं असेल तर व्हिसाच्या अर्जात ती सगळी नावं आडनावाच्या रकान्यात जातात आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहावं लागतं. पुढे तिकिटावर आणि विम्यावर हाच गोंधळ चालू राहतो. वेळ हाताशी असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून पासपोर्ट रीइश्यू करून आडनाव योग्य ओळीत आणून घ्या.

आईच्या पासपोर्टावर माहेरचं नाव आणि बाकी कागदांवर सासरचं, असंही पुष्कळदा असतं. प्रवासाला त्यामुळे अडत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिघांवर नाव एकच हवं. व्हिसाच्या अर्जात दुसरं नाव कधी वापरलं आहे का, असा प्रश्न असतो. तिथे ते नाव लिहायचं.

*तपासा:* जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर प्रवासात दोन्ही पासपोर्ट लागतात. नवा घेतला आणि जुना कपाटात राहिला, तर विमानात बसू देत नाहीत.

टप्पा २: व्हिसा

भेटीसाठी जाणाऱ्यांचा व्हिसा बी-१/बी-२ प्रकारचा. त्याचा अर्ज म्हणजे डीएस-१६०. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि मध्ये वीसेक मिनिटं काही केलं नाही तर पान बंद होतं. सुरुवातीलाच मिळणारा अर्जाचा क्रमांक आणि गुप्त प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा.

अर्ज सहसा मुलगाच भरतो, ते ठीक आहे. पण मुलाखत आई-बाबांची होते. अर्ज पाठवण्याआधी तो छापा आणि त्यांना शेजारी बसवून मराठीत ओळ न् ओळ समजावून सांगा. निवृत्तीचं वर्ष, आधीच्या नोकरीचा पत्ता, पूर्वी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला गेला का, मुलाचा व्हिसा कोणता, तो कुठल्या शहरात कुठल्या कंपनीत आहे. अर्जात एक आणि तोंडी दुसरं असं झालं की संशय येतो. पूर्वी नकार मिळाला असेल तर तो लपवू नका, त्याची नोंद त्यांच्याकडे असतेच.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांतला आणि चष्मा काढून. चष्म्यासह काढलेला फोटो परत येतो.

भेटी दोन असतात: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुलाखतीसाठी. महाराष्ट्रातले बहुतेक अर्जदार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात जातात. तिथे मराठीतून मुलाखत देता येते. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीच निवडा, त्यात कमीपणा नाही. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह आत नेता येत नाहीत. ते सोबत आलेल्या माणसाकडे द्या किंवा घरी ठेवा.

मुलाखत अगदी थोडक्यात होते. का जाता, किती दिवस, खर्च कोण करणार, इथे कोण आहे, परत कधी येणार, असे प्रश्न असतात. विचारलं तेवढंच आणि खरं सांगा. फाइल भरून कागद न्या, पण ते मागितल्याशिवाय पुढे करू नका.

एक गोष्ट घरातच आधी ठरवा. हा व्हिसा भेटीचा आहे. नातवंडांबरोबर राहणं, खेळणं, त्यांना फिरवणं हा भेटीचाच भाग आहे. पण सून कामावर जाणार आणि पाळणाघराचे पैसे वाचवायला आजीने सहा महिने बाळ सांभाळायचं, हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल तर अधिकारी त्याला काम समजू शकतो. आईला काय बोलायचं ते पढवून पाठवण्यापेक्षा बेतच भेटीचा ठेवा.

*सावधान:* मुलाखतीची तारीख कधी काही महिन्यांनंतरची मिळते. पासपोर्टावर व्हिसा लागून तो हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

व्हिसा आला की नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक त्याच दिवशी ताडून पाहा.

टप्पा ३: तिकीट

पहिल्या प्रवासाला थोडे पैसे जास्त गेले तरी थेट विमान किंवा एकच थांबा घ्या. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर मधल्या देशात सामान घेऊन बाहेर यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पुढच्या गोष्टीत. अमेरिकेत आधी न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे दुसऱ्या शहरात जायचं असेल, तर सामान पहिल्याच विमानतळावर पट्ट्यावरून घ्यावं लागतं. कस्टममधून ते बाहेर आणायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. मुंबईत बॅगेवर शेवटच्या शहराची पट्टी लावलेली असली तरीही. ‘सामान थेट जाईल’ हे काउंटरवरचं वाक्य ऐकून पुष्कळ जण बॅग तिथेच ठेवून पुढे जातात. या बदलाला किमान तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे जाताना मात्र अमेरिकेची पासपोर्ट आणि कस्टम तपासणी तिथेच होऊ शकते, म्हणून अबू धाबीचा थांबा कमी वेळाचा घेऊ नका.

तिकीट काढतानाच दोन विनंत्या नोंदवा.

*व्हीलचेअर.* गुडघे दुखत असतील, इंग्रजीची भीती असेल किंवा मोठा विमानतळ चालायला जड जाणार असेल तर संकोच न करता मागा. नोंद प्रवासाच्या किमान ४८ तास आधी हवी. जिने चढता येतात की नाही हे विचारतील, ते नीट सांगा, कारण खुर्चीचा प्रकार त्यावर ठरतो.

*जेवण.* शाकाहारी असाल तर ‘हिंदू मील’ निवडू नका. विमान कंपन्यांच्या भाषेत त्यात मांस किंवा मासे असू शकतात, फक्त गोमांस नसतं. तुमच्यासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’.

टप्पा ४: औषधं आणि डॉक्टर (दोन महिने आधी)

हा टप्पा कधीही घाईत करू नका. बाकीचं सगळं तिथे विकत मिळतं, औषध मिळत नाही. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अमेरिकेतला औषधवाला गोळी देत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा की इतके महिने बाहेर आहे. त्यांच्याकडून इंग्रजीत टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात आजारांची नावं, प्रत्येक औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि वेळ हवी. ब्रँडचं नाव तिथे कोणी ओळखणार नाही. कधी कधी मूळ नावही बदलतं. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. हे पत्रात कंसात लिहून घेतलं तर इस्पितळात जायची वेळ आली तर फार उपयोग होतो.

औषधं मूळ पट्टीतच न्या. गोळ्या काढून आठवड्याच्या डबीत भरून नेल्या तर त्या कसल्या आहेत हे सांगता येत नाही. किती न्यायच्या? स्वतःच्या वापरापुरता साधारण ९० दिवसांचा साठा हे तिथलं ढोबळ प्रमाण आहे. मुक्काम त्याहून मोठा असेल तर पत्रात मुक्कामाचा काळ आणि लागणारा साठा स्पष्ट लिहून घ्या, आणि बिलंही सोबत ठेवा.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एखादा दिवस उशिरा आली तरी रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात टाकायचंच नाही, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. सुया आणि पेन सोबत असतील तर त्यांचा उल्लेख पत्रात हवा.

वेळेचा फरक डॉक्टरांकडूनच सोडवून घ्या. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास. कॅलिफोर्निया साडेबारा किंवा साडेतेरा तास. सकाळची गोळी मुंबईतल्या सकाळी घ्यायची की तिथल्या, पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, इन्सुलिनचं काय, हे तारखा घालून कागदावर लिहून मागा. विमानात पायांत रक्त साकळू नये म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून चालणं, पाणी पिणं आणि गरज असेल तर दाबाचे मोजे, हेही याच भेटीत विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेऊ नका.

*सावधान:* आखाती देशांतून जात असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं तिथे नियंत्रित आहेत. खरंच गरजेची असतील तर त्या देशाचे नियम आधी पाहा, नसतील तर नेऊ नका.

निघण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. प्रवासी विम्यात दातांचा नेहमीचा खर्च सहसा नसतो आणि अमेरिकेत तो फार महाग आहे. चष्म्याची दुसरी जोडी आणि नंबरचा कागदही ठेवा.

टप्पा ५: विमा

विमा फक्त हप्ता पाहून घेऊ नका. स्वस्त योजनांत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम असते: खाटेचे इतके, डॉक्टरचे इतके. अमेरिकेतलं बिल त्याच्या कितीतरी पट येतं आणि वरचा सगळा भार मुलावर पडतो. एकूण मर्यादेपर्यंत खर्चाचा मोठा हिस्सा उचलणारी योजना घ्या.

मग आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांसाठी खरा प्रश्न तोच. काही योजना जुन्या आजाराचा ‘अचानक उद्भवलेला’ त्रासच भरून देतात, तोही एका वयापर्यंत, आणि नेहमीची तपासणी कधीच नाही. अर्जात आजार लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी उपयोगाचा नाही. भारतातल्या कंपनीचा विमा घ्यायचा असेल तर तो निघण्याआधीच घ्यावा लागतो.

विमा घेतल्यावर मुलाने तिथे एक काम करायचं: घराजवळचं त्या विम्याच्या यादीतलं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ पण तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना, शोधून ठेवायचं. ताप, खोकला, मुरगळलेला पाय यांसाठी तिथे जायचं. छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं, मोठी पडझड असेल तर थेट ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन.

*तपासा:* विम्याचा क्रमांक आणि मदतीचा फोन फाइलमध्ये आहे का? आईच्या पर्समध्येही एक प्रत?

टप्पा ६: पैसे आणि फोन

एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच परकीय चलन नोटांत नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून घेतलेल्या कार्डावर. मुलाकडे उतरणाऱ्यांना दोन-तीनशे डॉलर सुट्ट्या नोटांत पुरतात.

भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, पूर्ण मुक्कामाचं रिचार्ज करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवायला शिका. तिथे दुसरं सिम किंवा ई-सिम लागेल, म्हणजे दोन सिमचा फोन सोयीचा.

सरकारी पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबर विसरू नये. हयातीचा दाखला त्या महिन्यात द्यावा लागतो, ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. त्या काळात बाहेर असाल तर बँकेत आधीच जाऊन तुमच्यासाठी कोणता मार्ग आहे ते ठरवा आणि आधार वापरून चेहऱ्याने ओळख पटवणारं अॅप इथेच एकदा वापरून पाहा.

टप्पा ७: बॅग (शेवटचे दहा दिवस)

बऱ्याच कंपन्या अमेरिकेसाठी इकॉनॉमीत माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण स्वतःच्या तिकिटावर पाहा. घरी २२ किलोवर थांबा, काट्यांत फरक असतो.

काय नाही न्यायचं, हे आधी ठरवा.

- सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. उष्णतेने पेट घेऊ शकणारी वस्तू म्हणून त्या बॅगेतून काढायला लावतात. खोबरं तिथे मिळतं.
- खसखस, जर दुबई किंवा अबू धाबीमार्गे जात असाल. तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. खसखस घातलेला मसाला आणि अनारसेही नकोत.
- कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, तुळशीचं रोप. हापूस आंबाही नाही.
- तांदूळ. साठवणीच्या धान्यातल्या खापरा भुंगेऱ्यामुळे त्यावर बंदी आहे.
- मटण, चिकन कुठल्याही रूपात. घरी शिजवलेलंही.
- पेढे, खवा, तूप. दुधाच्या पदार्थांचे नियम कडक आहेत आणि हे सगळं भारतीय दुकानांत मिळतं.
- मिक्सर. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर चालत नाही.

लाडू, चिवडा, चकली, कोरडे मसाले, पापड चालतात. कोकणातल्या मंडळींनी सुके बोंबील आणि सोडे नेले तरी हरकत नसते, दोन पिशव्यांत घट्ट बांधा. भाजणी, मेतकूट, मसाल्याच्या पुड्या मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड अडवू शकतात. लोणचं आणि मुरंबा हातात नेलं तर द्रव पदार्थ म्हणून काढून घेतात, १०० मिलिलिटरची मर्यादा त्यांनाही आहे.

पॉवर बँक मात्र उलट: फक्त हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची विनापरवानगी चालते.

दागिने थोडे न्या. जास्त किमतीचे नेणारच असाल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून त्यांचा दाखला घ्या, नाहीतर परत येताना ते तिथे घेतल्यासारखे धरले जाऊ शकतात.

*तपासा:* सगळ्या पदार्थांची इंग्रजी यादी करून फाइलमध्ये लावा. टप्पा ९ मध्ये ती लागते.

टप्पा ८: घर आणि निघण्याचा दिवस

गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, वीजबिल आणि सोसायटीच्या देखभालीचे पैसे आपोआप भरले जातील असं करा. किल्ली आणि मुलाचा नंबर एका विश्वासू शेजाऱ्याकडे.

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून येणाऱ्यांनी पावसाळ्यात घाटातला खोळंबा गृहीत धरावा. रात्री उशिराचं विमान असेल तर शक्यतो दुपारीच मुंबईत पोचा. विमानतळावर चार तास आधी. फाइल, औषधं, एक जोड कपडे, स्वेटर आणि साधं पेन हातातल्या बॅगेत.

टप्पा ९: उतरल्यावर

पासपोर्ट तपासणीच्या वेळी अधिकारी विचारतो: कशासाठी आलात, कुठे राहणार, किती दिवस. मुलाचा पत्ता आणि फोन फाइलमधल्या पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरांत हवा, परतीचं तिकीट त्याच्या मागे. प्रश्न समजला नाही तर मान हलवू नका, मराठी किंवा हिंदी दुभाषा मागा.

मग सामान आणि कस्टम. खाण्याचं काही आहे का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणा आणि यादी दाखवा. एखादा डबा काढून घेतील, बस. ‘नाही’ म्हणून सापडलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सोबत दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर तीही जाहीर करावी लागते.

घरी पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलाने अमेरिकी कस्टम आणि सीमा विभागाच्या संकेतस्थळावरून दोघांचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, काढावा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती दिवस, हे आय-९४ वरची तारीख ठरवते. बहुधा ती सहा महिन्यांची असते, पण दोघांची सारखीच असेल असं धरून चालू नका. त्या तारखेनंतर राहिलं तर तो व्हिसा आपोआप रद्द होतो. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आठ-दहा दिवस तरी आधीचं आहे ना, हे तेव्हाच पाहा आणि नसेल तर त्याच आठवड्यात बदलून घ्या.